चढाला पळते, सपाटीला अडखळते: अण्णांना आभाराचं पत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही गाडीवर हात ठेवलात त्यानंतर ती पुण्याला जाऊन आली, कोल्हापूरला जाऊन आली, भर उन्हात लग्नाच्या वऱ्हाडात अडकून तासभर रांगली, आणि एकदाही मिसिंग मारलं नाही, म्हणजे चालता चालता ठिणगी चुकून धक्का बसला नाही. फोनवर आभार मानायला गेले असते तर तुम्ही ‘बरं बरं, ऱ्हाऊ द्या’ म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहिते आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या सांभाळणारे आमच्यासारखे हौशी अजून बरेच आहेत. त्यांच्याही गाडीला हा आजार होऊ शकतो. तुमच्या वाइंडिंगच्या दुकानाचा पत्ता मात्र देत नाही. ‘गर्दी नको, हातातलंच काम सरंना’ असं तुम्हीच म्हणाला होतात.

वाचणाऱ्यांसाठी आधी गाडीची ओळख. मामंजींची 1978 सालची अ‍ॅम्बॅसिडर, मार्क थ्री. 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, एसयू कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सरवालं, म्हणजे जुन्या पद्धतीने ठिणगी पाडणारं इग्निशन. मूळ घडण विलायतेच्या मॉरिस ऑक्सफर्डची, गाडी बंगालात उत्तरपाड्याला बनलेली. 2014 साली तो कारखाना थांबला, तेव्हा मामंजींनी दिवसभर कोणाशी धड बोलणं केलं नव्हतं. ते गेल्यावर गाडी विकायचा विषय घरात निघाला आणि मीच तो मिटवला. त्यामुळे तिची दुखणीखुपणीही माझ्याच गळ्यात.

दुखणं असं होतं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू. उभ्या जागी आयडलिंग घड्याळासारखं. खंबाटकी घाट चढताना कुरकुर नाही, वर पोचेपर्यंत दणकून ओढायची. घाट संपला, सुरूर फाटा मागे पडला, की भुईंजच्या सपाटीला 50-60च्या वेगाने पाय जरा हलका करून निवांत चालवावी, तर अचानक धक्का. क्षणभर इंजिन गेल्यासारखं, मग सायलेन्सरमधून फाट्‌दिशी फटाका, आणि पुन्हा काही झालंच नाही अशी चाल. कधी दोन किलोमीटरमध्ये पाच वेळा, कधी साताऱ्यापर्यंत एकदाही नाही. मागच्या ट्रकवाल्याने काचेतून काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा गाडीला सल्ले फुकट मिळतात. एक म्हणाला, पेट्रोलमध्ये कचरा आहे. दुसरा म्हणाला, उन्हाने पेट्रोल उकळतंय, पंपावर ओलं फडकं टाका. दिरांनी सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर टाकला. गॅरेजात तर विचारूच नका. ‘साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो,’ हे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. तिथे प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर सोडून धुतला. आणि गंमत म्हणजे बहुतेक खेपेला गाडी चार दिवस बरी व्हायची. मग पुन्हा तेच.

तुमच्याकडे आले तेव्हा बोर्डावर ‘डायनॅमो, सेल्फ, आर्मेचर वाइंडिंग’ एवढंच दिसलं. इथे पेट्रोल गाडीचं मिसिंग कोण बघणार, असं वाटलं. तुम्ही बॉनेट उघडायला सांगितलं नाहीत. स्टुलावर बसवून चहा मागवलात आणि विचारायला लागलात. गार असताना होतं का गरम झाल्यावर? दोन्ही वेळेला. चढाला का उताराला? चढाला नाही. पाय पूर्ण दाबल्यावर? तेव्हा अजिबात नाही. एकसारखा पाय धरल्यावर? हो, तेव्हाच. एकदम तुटतं का हळूहळू मरतं? एकदम. परत कसं येतं? तेही एकदम, फटाक्यासकट.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी गाडीत बसल्या बसल्या पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलं: ‘ताई, पेट्रोल तुटलं तर गाडी दमून थांबती आणि दमून चालू हुती. करंट तुटला तर बटन बंद केल्यावानी थांबती. आन्‌ मधल्या वक्ताला न जळल्यालं पेट्रोल सायलेन्सरात साठतंय, करंट आला की तितं फुटतंय. ह्यो करंटच हाय. पेट्रोलचं सोडा.’

दिरांना हे सांगितलं तर त्यांना पटलं नाही. इथेनॉलने जुने रबरी होज फुगतात, चिरतात, हे खरंच आहे. तुम्हीही पंपाजवळचा होज दाबून बघून ‘ह्यो बदला, पर ह्याचा त्याचा संबंध न्हाई’ म्हणालात. दोन दोष एकाच गाडीत असू शकतात, म्हणून ते एकमेकांचे नातलग होत नाहीत.

मग तुम्ही चारही प्लग काढून फळीवर ओळीने मांडलेत. चौघांचा रंग एकसारखा, बिस्किटासारखा भुरा. कार्बोरेटरचं एअर क्लीनर काढून आतला पिस्टन बोटाने वर उचललात आणि सोडलात. तो ‘टक्‌’ करून खाली बसला. ‘नीडल सरळ हाय,’ एवढंच बोललात आणि कार्बोरेटरचा विषय संपला. एक सिलिंडर गेला असता तर नुसता ठेका बिघडला असता, इथे अख्खा तबलाच थांबतोय, म्हणजे चौघांचं सामायिक काहीतरी तुटतंय, हे तुमचं म्हणणं तेव्हा कळलं. चार प्लगना चार वायरी, पण त्यांच्या आधीचा रस्ता एकच: किल्लीपासून ठिणगीची ताकद देणाऱ्या कॉइलला, कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या (चार प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या) उघडझाप करणाऱ्या पॉइंटला, आणि पॉइंट मिटले की तिथून अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला.

आता खरी करामत सांगते. तुम्ही डॅशबोर्डचा एक इवलासा बल्ब घेतलात, त्याला दोन लांब वायरी जोडल्यात आणि बॉनेटच्या फटीतून काढून खिडकीतून आत घेतल्यात. बल्ब तुमच्या मांडीवर, तुम्ही माझ्या शेजारी. पहिल्या खेपेला एक वायर अर्थला आणि दुसरी कॉइलच्या त्या टोकाला, जिथे किल्लीकडून करंट येतो. हायवेला लागलो, पाय हलका केला, धक्का बसला. बल्ब हलला नाही, तसाच जळत राहिला. म्हणजे किल्ली, फ्यूज, मागचं वायरिंग निर्दोष. तिथेच रस्त्याकडेला थांबून तुम्ही वायर कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावलीत, पॉइंटकडे जाणाऱ्या. आता बल्ब मंद जळत होता, कारण पॉइंट मिटला की तो विझायचा आणि उघडला की पेटायचा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतो. डोळ्याला ते नुसतं मंद दिसतं. पुढचा धक्का बसला आणि बल्ब भप्पकन पूर्ण पेटला. धक्का गेला, पुन्हा मंद.

‘गावला,’ तुम्ही म्हणालात. मला काहीच गावलं नव्हतं. मग गाडी चालू असतानाच समजावलंत: बल्ब पूर्ण पेटतो म्हणजे कॉइलपर्यंत करंट आहे, पण पुढे पॉइंटमधून अर्थला जायची वाट मध्येच तुटते. कॉइलमध्ये करंट वाहतच नाही, मग पॉइंट उघडल्यावर ती ठिणगी कुठून देणार? म्हणजे दोष डिस्ट्रिब्युटरच्या वाटीत आहे, एवढ्याशा जागेत.

दुकानात परत आल्यावर तुम्ही कॅप काढलीत. पॉइंटचे तोंड स्वच्छ, करडे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खड्डा असं काही नाही, म्हणजे कंडेन्सरही निर्दोष. फीलर गेजची पट्टी घालून पॉइंटमधली फट पाहिलीत, 15 थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), बरोबर. माझा जीव पुन्हा खाली गेला, कारण इथपर्यंत आधीचे लोकही पोचले होते.

तुम्ही कॅप परत बसवलीत, इंजिन चालू केलंत आणि कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमच्या डब्याला जाणारी बारीक नळी कार्बोरेटरकडून उपसलीत. तिचं टोक तोंडात धरून चोखलंत. इंजिन फाडफाड करायला लागलं. जीभ लावून नळी बंद धरलीत, तरी फाडफाड चालूच. सोडलीत, इंजिन पुन्हा गुळगुळीत. पुन्हा चोखलंत, पुन्हा मिसिंग. महिनोन्‌महिने रस्त्यावर आपल्या मर्जीने येणारं आणि मेकॅनिकसमोर हटकून लपणारं ते दुखणं तुम्ही उभ्या गाडीत, तोंडाने, पाहिजे तेव्हा आणून दाखवलंत. दुकानातला पोरगा हसायला लागला. माझा चहा हातात गार झाला.

कारण पुढच्यांसाठी नीट लिहिते. हलक्या पायाने गाडी चालते तेव्हा त्या नळीत चांगला व्हॅक्यूम असतो. तो डब्यातला पडदा ओढतो, पडदा पॉइंटची प्लेट थोडी फिरवतो आणि ठिणगी लवकर पडते. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जातो, प्लेट जागेवर परत येते. आयडलिंगलाही त्या नळीत ओढ नसते. म्हणजे आयडलिंगला प्लेट जागेवर, घाटात जागेवर, आणि सपाटीला निवांत चालताना फिरलेली. प्लेटसोबत हलते ती बाहेरच्या टोकापासून पॉइंटपर्यंत येणारी बोटभर वायर. वर्षानुवर्षं रोज हजारदा वाकून तिच्या आतल्या तारा तुटल्या होत्या आणि बाहेरचं कव्हर शाबूत होतं. प्लेट जागेवर असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, फिरली की सुटायची. तुम्ही ती चिमटीत धरून हलकेच ओढलीत आणि ती रबरासारखी ताणली. तांबं कधी असं ताणतं का?

आणि मग आधीची सगळी ‘चार दिवसांची बरी’ उलगडली. प्लगसाठी नाही, पण कंडेन्सर, पॉइंट, कॅप यांसाठी कोणी तिथे हात घातला की ती वायर जरा इकडेतिकडे व्हायची, टोकं नीट टेकायची. गुण यायचा नव्या पार्टला. आमच्याकडे काढलेल्या, अगदी धडधाकट सामानाचा डबा भरलाय. ते आता स्पेअर म्हणून डिकीत ठेवलंय.

नवी वायर कुठली घालणार म्हणून मी पाहत होते. पोराने साध्या वायरीचं बंडल पुढे केलं तर तुम्ही त्याला झापलंत: साधी वायर जाड तारांची, महिन्यात पुन्हा तुटेल. तुम्ही जुन्या सेल्फच्या कार्बन ब्रशची वेणी घेतलीत, केसासारख्या बारीक तारांची, तिच्यावर वाइंडिंगला वापरतात ती वार्निश मारलेली सुती स्लीव्ह चढवलीत आणि दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग दिलात. प्लेट हाताने इकडून तिकडे फिरवून बघितलंत, वायर कुठे ताणत नाही, कॅमला घासत नाही. प्लेटची अर्थची छोटी वेणीही तपासलीत, ती चांगली निघाली. मग नळी जोडायच्या आधी पुन्हा चोखलंत. या वेळी इंजिन फक्त थोडं वर चढलं, जसं चढायला हवं.

पैसे म्हणून तुम्ही जे मागितलं त्यात मला गॅरेजातला एक प्लगसुद्धा मिळाला नसता. वाद घातला, ऐकलं नाहीत. पुढच्या खेपेला कंदी पेढे आणले तर ‘शुगर हाय’ म्हणून सगळा पुडा पोराच्या हातात दिलात. तो खूश झाला, पण माझं देणं काही फिटलं नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की तुम्ही काहीच अंदाजाने बदललं नाहीत. आणि प्रश्न मला विचारलेत. रोज गाडी चालवणाऱ्या बाईला तिच्या गाडीचं काही कळत असेल असं धरून विचारलेत, आणि मी दिलेल्या उत्तरांवर भरवसा ठेवलात. ‘तुमी बरूबर सांगितलं म्हणून लवकर गावलं,’ हे तुमचं वाक्य घरी मी जरा जास्तच वेळा ऐकवलंय. दिरांनी आता विषय काढणं सोडलंय.

पंपाजवळचा होज बदलून घेतला. सेल्फ गरम गाडीला हल्ली जरा जड फिरतोय. बॅटरीचे टर्मिनल घासून घट्ट केले, फरक पडला नाही. गणपतीच्या आधी एकदा घेऊन येते. तोवर दुसरं कोणी सेल्फ उघडायचा म्हणालं तर उघडू देणार नाही. येताना पेढे आणत नाही, शेंगा आणते.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहावा.

आपली,
मार्क थ्रीवाली ताई