आजीचा बद्द रुपया

लंडन, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला. आई, हीटर रात्रभर चालू असतो, उगाच काळजी करू नकोस.

बाबा, माझ्या दुसऱ्या महायुद्धावरच्या अभ्यासाबद्दल "ऐंशी वर्षांपूर्वीची लढाई उकरून कुणाचं भलं होणार?" असं तुम्ही विचारलंत. आजीला विचारा. जुना रुपया खणखणतो आणि लढाईतला बद्द वाजतो असं ती म्हणते ना, ते खरंच आहे. १९४० पासून सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. तरी पुरेना, म्हणून अमेरिकेनं लेंड-लीज या युद्धकाळात मित्रदेशांना मदत द्यायच्या योजनेखाली सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी दिली. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी, साखरेला साखरच परत! फाळणीनंतर आपल्या वाट्याची चांदी आपण १९५७ च्या सुमारास फेडली, ते बद्द रुपये गोळा करून वितळवून. आणि इंग्लंड? फौजेचा नि मालाचा खर्च लंडनच्या खात्यात नुसता मांडत गेलं. युद्ध संपलं तेव्हा आपलं येणं १३० कोटी पौंडांच्या घरात होतं. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या, दप्तरांत मी हेच वाचते. पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल.

इथली एक रीत मात्र डोक्यात शिरत नाही. शुक्रवारी सगळे पबमध्ये जातात. (मी लिंबाचं सरबत घेते, बाबा.) एकानं उठून सगळ्यांचं आणायचं, ग्लास संपले की दुसऱ्यानं. वही नाही, तोंडी हिशेब नाही, पण कुणी पाळी चुकवली तर सगळ्यांच्या लक्षात राहतं. पहिल्या दिवशी मी माझ्या सरबताचे सुटे पुढे केले, तर जणू शिवी दिली! आपली पाळी यायच्या आत घरी निघणं तर त्याहून वाईट. म्हणजे सरबत पिऊन चार बिअरचे पैसे मी भरते.

सुमीच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. तिकीट परवडणार नाही असं नाही, पण शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते आणि मुदतवाढीचं पत्र अजून आलेलं नाही. येईल. हॉलसाठी थोडे पाठवलेत, कमी आहेत, माहीत आहे. दादानं माझ्या कर्जाचे तीन हप्ते भरले. तो लिहून ठेवत नाही, म्हणून मीच ठेवते. सुमीनं रुसू नये. नाशिकच्या स्थळाला पत्रिका द्यायची तर द्या, पण मी हो म्हटलंय असं सांगू नका.

आजीचा १९४३ चा रुपया कुणाला देऊ नका. मी आल्यावर वाजवून बघेन.

तुमची,
मनू