मिरकरवाड्याच्या चाचांना, ताडपत्रीबद्दल

आदरणीय चाचा,

सलाम.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल ते तुमच्या नातवाच्या मोबाईलवरून. तो वाचून दाखवील आणि तुम्ही "त्यात काय एवढं, दिवे तर लावले" म्हणून उठून जाल. समोर येऊन बोललो असतो तरी तुम्ही मला अर्ध्यात तोडून पुढच्या बोटीकडे वळला असतात. म्हणून चारचौघांत लिहून टाकतो. आता तोडता येणार नाही.

बाकीच्यांसाठी सांगतो. चाचा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मच्छीमार बोटींचं वायरिंग करतात. माझे मामा पावसला राहतात, ऐंशी पार केलेले. उमेदीची वर्षं व्यापारी जहाजांवर गेली. त्यांच्याकडे १९६५ सालची एमजीबी मोटार आहे: दोन सीटची, उघड्या टपाची, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या एके काळी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, तशीच ही मामांकडे आली. मामा ती अजून चालवतात. पाच वर्षांचं लायसन्स आहे, डॉक्टरांचा दाखला आहे, आणि मजल फार तर पूर्णगडपर्यंत. रस्त्यावर त्यांचा धोका कुणाला असेल तर तो त्यांना "काका, अजून चालवता?" विचारायला बाईक शेजारी आणणाऱ्यांना.

अडचण एकच होती. दिवेलागणीला मीटर दिसेनासे व्हायचे. वेग, इंजिनाचे फेरे, ऑइलचं प्रेशर, पाण्याचं तापमान, सगळे काटे काळ्या तबकडीवर बुडून जायचे. मुळात या गाडीच्या मीटरमध्ये २.२ वॅटचे आट्यांचे इवलेसे बल्ब. त्यांचा उजेड आतल्या हिरव्या काचेतून गाळून बाहेर येतो. नवी गाडी असतानाही तो बेताचाच असणार. त्यात साठ वर्षांची खारी हवा. आणि मामांचे डोळेही साठ वर्षांनी जुने झालेले. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो म्हणतात. मामा तर साठीच्याही कितीतरी पुढे.

तुमच्याआधी आम्ही कुठे कुठे गेलो ते तुम्ही विचारलं नाहीत. पण मला सांगायचंच आहे, कारण तो राग अजून गेलेला नाही.

एकाने बाजारात मिळतात ते एलईडी आणून लावले. पेटले नाहीत, तर म्हणाला वायरिंग जळलंय, सगळं काढून टाकू. वायरिंगला काहीही झालं नव्हतं. या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला असतं. १९६७च्या अखेरीपासूनच्या एमजीबीत कंपनीने मायनस बॉडीला दिलं, पण मामांची गाडी त्याआधीची. एलईडी उलटा लावला की पेटत नाही, एवढी साधी गोष्ट. दुसऱ्याने ती ओळखली, पण इलाज काय केला? वेगळ्या वायरी ओढून असा निळा-पांढरा उजेड केला की डॅशबोर्डावर लग्नाचा मांडव घातल्यासारखी झगमग. त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडायचं आणि वळणावर रस्त्याऐवजी स्पीडोमीटर दिसायचा. आणि मूळच्या रंगीत वायरी कापून सगळीकडे एकच पिवळी वायर, जेणेकरून पुढे कुणालाच काही कळू नये. तिसऱ्याने, हा मोठ्या शहरातला, फोनवरच सांगितलं की जुने मीटर काढा, डिजिटल पॅनेल बसवू. त्याने सांगितलेल्या आकड्यात आमच्या गावात विहीर खणून होते.

हेही सगळं मी गिळलं असतं. कारागीर चुकतात, जुन्या गाडीवर तर चुकणारच. पण तिघांत एक गोष्ट सारखी होती. तिघेही माझ्याशी बोलले. मामा शेजारी उभे, गाडी मामांची, डोळे मामांचे, आणि प्रश्न मला: "त्यांना कितपत दिसतं?" एकजण तर हसत म्हणाला, "आता यांना चालवायला कशाला देता? विकून टाका, हौशी लोक चांगले पैसे देतात." मामांनी ऐकलं. ऐकू त्यांना उत्तम येतं. गाडीत बसले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्याकडे आलो ते मामांच्याच डोक्यातून. म्हणाले, "खाऱ्या पाण्यात दिवे पेटते ठेवणारा माणूस शोध. गाडीवाले पुरे झाले." मला हसू आलं होतं. मे संपत आलेला, १ जूनची मासेमारीबंदी तोंडावर, बोटी वर ओढून शाकारायची घाई, जेट्टीवर पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत आमची लाल दोन सीटची गाडी. खलाशांची पोरं गोळा झाली. तुम्ही हातातली पक्कड खाली ठेवलीत, गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि पहिला प्रश्न मामांना विचारलात: "साहेब, नवी होती तेव्हा उजेड कसला पडायचा? पिवळा की हिरवा?"

"हिरवा. मंद," मामा म्हणाले. आणि मग थांबेचनात. मी बाजूला झालो.

कामाचं सगळं वर्णन इथे करत बसत नाही, ते तुम्हाला पाठ आहे आणि इतरांना नको आहे. पण काही गोष्टी लिहून ठेवल्याच पाहिजेत, कारण अशी गाडी बाळगणारे आणखीही काहीजण या किनाऱ्यावर असतील. मीटरच्या दिव्याचा करंट मीटरच्या डब्यातून, डॅशबोर्डच्या पत्र्यातून आणि बॉडीतून बॅटरीकडे परत जातो, असा त्या गाडीचा हिशेब. खारं वारं या प्रत्येक सांध्यात गंज भरतं. दिवा पेटतो, पण मरगळलेला. लोक बल्ब बदलत बसतात. तुम्ही टेस्ट लॅम्प लावून बघितलंत आणि म्हणालात, "बोटीला बॉडी असते काय? लाकडातून करंट जातो काय? आमच्याकडे गेलेल्या करंटाला परत यायला वायरच लागते." प्रत्येक मीटरला परतीची स्वतंत्र वायर दिलीत, बोटीला वापरता तीच, कथील चढवलेल्या तांब्याची. निम्मा उजेड तिथेच परत आला. अजून एकही नवा दिवा लागला नव्हता.

मग मीटर उघडलेत. डब्यांचा आतला पांढरा रंग पिवळा पडून काळवंडला होता. उजेड परतवण्यासाठीच तो दिलेला असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बोटीच्या केबिनचा उरलेला रंग तिथे लागला. दिवे लावलेत ते बोटीच्या पॅनेलवरच्या खुणेच्या दिव्यांतले, आट्यांचे. त्यांच्या आत डायोडचा ब्रिज असतो, म्हणून प्लस-मायनस कसंही आलं तरी पेटतात. तिघा गाडीवाल्यांना जे सुचलं नाही ते तुमच्या बिस्किटाच्या डब्यात पडलेलं होतं! उजेड कमी-जास्त करणारा डिमर चालावा म्हणून एक जुना बल्ब त्याच लाईनवर राहू दिलात, कारण नुसते एलईडी इतकी कमी वीज खातात की त्या जुन्या डिमरला त्यांना मंद करणं जमतच नाही. आणि चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावला नाहीत. "हा जुनाच बरा. डायनामो दमायला लागला की हा अर्धा पेटून सांगतो. नवा एकतर पेटेल, नाहीतर नाही." डायनामोऐवजी अल्टरनेटर असलेल्या गाडीत तर तो बल्ब काढणं त्याहून वाईट. तिथे अल्टरनेटरला जागं करणारा करंटच त्या बल्बातून जातो.

त्या गाडीची विजेची उपकरणं बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस कंपनीची. जगभरचे हौशी लोक लुकसला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवतात. मी तो विनोद तुम्हाला ऐकवला. तुम्ही हसला नाहीत. कापलेल्या वायरीचं टोक पुसून मला दाखवलंत, लाल वायर आणि तिच्यावर पांढरी रेघ, मीटरच्या दिव्यांची खूण. "साठ वर्षं झाली, रंग अजून ओळखू येतो. ज्याने बनवली त्याने पुढच्या माणसाचा विचार केलाय. त्याला नावं कशाला ठेवायची?" पिवळी वायर घालणाऱ्याबद्दल मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत. नुसती ती उपसून बाजूला टाकलीत. मी बोललो असतो, भरपूर.

आता ताडपत्री.

दुपारचे तीन वाजले असतील. दिवे लागले होते, पण त्या उन्हात पेटलेत की नाही हेसुद्धा नीट कळेना. मी म्हटलं, अंधार पडेपर्यंत थांबू. तुम्ही मामांकडे बघितलंत. रात्री भाट्याच्या पुलावरून पुढे पावसपर्यंत गाडी न्यायची, समोरून येणाऱ्यांचे दिवे डोळ्यांवर घ्यायचे, हे त्यांना नको आहे हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. तुम्ही पोरांना हाक मारलीत. शेजारची बोट शाकारायला आणलेली काळी ताडपत्री त्यांनी गाडीवर टाकली, वर आणखी एक, कडांना दगड ठेवले. मामांना स्टिअरिंगवर बसवलंत आणि स्वतः बिस्किटाचा डबा घेऊन शेजारच्या सीटवर शिरलात. मे महिन्यातल्या दुपारी तीनला, दुहेरी ताडपत्रीखाली.

बाहेर मला नुसते आवाज येत होते.

"हा कसा?"

"डोळ्यात जातो."

"आता?"

"आता बरं आहे, पण काटा कुठाय? नुसता उजेड दिसतो."

"थांबा. हा लाल बघा. आमच्या केबिनीत लावतात, बाहेरचं दिसत राहतं."

"लाल नको. मीटर लाल झाला की मला इंजिनरूम आठवते."

तुम्ही दोघंही हसलात. मग बराच वेळ कुजबुज. एकदा मामांनी कुठल्यातरी बंदराचं नाव घेतलं, तुम्ही वादळाबद्दल काही सांगितलंत. पोरं मला विचारत होती, आत काय चाललंय? मी म्हटलं, दिवे बघतायत. शेवटी मामांचा मोठा आवाज आला, "हाच! हाच होता तो!" ताडपत्री काढली तेव्हा तुमच्या सदऱ्यातून घाम गळत होता आणि मामा आम्हा सगळ्यांकडे असे बघत होते की गाडी आजच विकत घेतलीय.

दिवे दुसऱ्या कुणीही लावले असते, असं मी आता रागाने का होईना म्हणेन. शोधत गेलो असतो तर जाणकार मिळाला असता, पैसे जास्त गेले असते. पण ज्याचे डोळे, त्यालाच विचारायचं, आणि विचारण्यासाठी स्वतः त्या भट्टीत जाऊन बसायचं, हे पैशाने मिळत नाही. मी हल्ली मामांबरोबर बँकेत जातो, दवाखान्यात जातो, सरकारी कचेरीत जातो. सगळीकडे तेच. समोरचा माणूस फॉर्म माझ्याकडे सरकवतो, गोळ्या कधी घ्यायच्या ते मला सांगतो. वाईट कुणीच नसतो, बहुतेकजण गोडच बोलतात. पण म्हाताऱ्या माणसाला बघितलं की त्याच्या शेजारच्याशी बोलायचं, ही सवय कशी कुणास ठाऊक सगळ्यांना लागली आहे. मलाही ती लागायच्या बेतात होती. त्या दिवसापासून मी बँकेत एक पाऊल मागे उभा राहतो. काउंटरवरची मुलगी आधी गोंधळते, मग मामांकडे बघते.

मजुरी तुम्ही घेतलीत. जास्त नाही, आणि उगाच मोठेपणाने कमीही नाही. वायरीचे इतके, दिव्यांचे इतके, हाताचे इतके, कागदावर लिहून दिलेत. मामांना ते फार आवडलं. फुकट केलं असतंत तर पुन्हा यायची चोरी झाली असती, असं ते म्हणाले. ताडपत्रीखालच्या वेळाचा आकडा त्या कागदावर नव्हता, तो मी दोनदा शोधला.

पावसाआधीच्या आठवड्यात मामांनी गाडी रोज संध्याकाळी काढली. आता ती झाकून ठेवलीय. आतून कापूर आणि बाहेरून जाड कापड, तुम्ही सांगितलंत तसंच. जोडणीच्या टोकांना ग्रीस मी स्वतः लावलंय.

राहता राहिला पेट्रोलचा काटा. उजेड आला तसा आता त्याचा खोटेपणा स्पष्ट दिसतो: टाकी भरा नाहीतर रिकामी करा, हा आपला मध्यावर. मामांचा निरोप आहे की घाई नाही. ३१ जुलैला बंदी उठेल, नारळी पौर्णिमा होईल, बोटी पाण्यात जातील, तुमच्यामागची गडबड संपेल, मग पाऊस कमी झाला की येतो. या खेपेला ताडपत्री लागणार नाही, टाकीच उघडावी लागेल बहुतेक. आणि मामा म्हणतात, ते वादळाचं अर्धं राहिलंय, तेवढं पुरं करायचं.

तुमचा,
मामांचा भाचा