पायपेटीवरचा पॅरिस

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला संगीत नाटकांच्या ऑर्गनवरचा लेख आवडला, पण एक अॅड करावंसं वाटतं. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा ऑर्गनवादक लुई व्हिएर्न, जवळजवळ आंधळा माणूस, त्याने १९१३ च्या सुमारास २४ छोटे पीसेस लिहिले, ऑर्गनसाठी किंवा चक्क हार्मोनियमसाठी! पायाने वाजवायचे वेगळे सूर लागतच नाहीत, म्हणजे साधा पायपेटीवालाही वाजवू शकतो. आमच्या गिरगावच्या घरी आजोबांची पायपेटी आहे, भाता फाटका, पायडल कुरकुरतं, तरी त्यातली अंगाई मी कशीबशी काढली, तर शेजारच्या काकू विचारतात, कुठल्या नाटकातलं रे हे? शिवाजी मंदिरात कोणी वाजवेल का हो?

एक वाचक, गिरगाव, मुंबई