पाटी नवी बसली, नाव मात्र जुन्याच मालकाचं

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

माझी दुचाकी २०११ची, एमएच १३ मालिकेतली. मूळची एका निवृत्त शिक्षकांची. त्यांच्याकडून यंत्रमागावरच्या एका कामगारानं घेतली, त्याच्याकडून मी. आमच्या सोलापुरात जुन्या गाडीचा व्यवहार असाच होतो. आरसी हातात आली, टीटीओ म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर सही झाली, पैसे मोजले की किल्ली मिळते. ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं, ते मी केलं नाही. चूक माझी आहे आणि तिचा दंड भरायची माझी तयारी आहे.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, सक्तीची झाली, तेव्हा मी तिच्यासाठी नोंदणी केली. दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. ॲल्युमिनियमची पाटी, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक आणि एकदा बसलं की तोडल्याशिवाय न निघणारं लॉक. चोरीच्या गाडीला दुसऱ्याचा नंबर लावून फिरणं यानं अवघड होतं, म्हणून मला ही योजना मनापासून पटते. पूर्वी रेडियमच्या दुकानात कुणीही कुठलाही नंबर दहा मिनिटांत करून घ्यायचा.

पण पाटी ज्या नोंदीशी बांधली आहे, ती नोंदच खोटी असेल तर? माझ्या गाडीवर आज सरकारी शिक्क्याची पाटी आहे आणि नोंदीत मालक म्हणून जे नाव आहे, ते गुरुजी हयात नाहीत. ई-चलान निघालं तर त्याचा संदेश त्यांच्या बंद पडलेल्या नंबरवर जाईल. उद्या या गाडीनं अपघात केला तर विचारणा त्यांच्या घरी होईल. त्यांच्या मुलांनी काय पाप केलंय?

यंदा गाडीला १५ वर्षं पूर्ण होतात. पुढच्या ५ वर्षांचं रिपासिंग, म्हणजे पुनर्नोंदणी, नोंदलेल्या मालकाच्या नावानंच होणार. रीतसर जायचं तर आधी वारसांनी मृत्यूचा दाखला जोडून फॉर्म ३१ भरायचा, गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची, मग २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर ती मला द्यायची. मुलं पुण्याला असतात, भली माणसं आहेत. पण पंधरा वर्षांच्या दुचाकीसाठी त्यांनी रजा टाकून किती खेपा घालायच्या? विडी घरकुलात, शेळगीत, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांबाहेर उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांची कागदं तपासा, माझ्यासारखे कितीतरी सापडतील. त्यांची मजुरी रोजावर असते. एक खेप म्हणजे एक खाडा.

पाटी बसवण्याची मुदत ३१ मार्च २०२५ची होती, ती वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. त्या काळात चेसिस आणि इंजिन क्रमांकासह जुन्या गाड्या पाटी बसवणाऱ्यांच्या दारात उभ्या होत्या. ही गाडी आज कुणाकडे आहे, एवढं तिथं विचारायला हवं होतं. एचएसआरपी नसेल तर नाव बदलाचं काम थांबवायचं असा खात्याचा निर्णय होता. पाटी असलेल्याचं नाव लवकर लागावं, याची व्यवस्था मात्र मला कुठे दिसली नाही.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक तालुक्यात ठरावीक काळासाठी नाव बदलाची शिबिरं घ्या, सोलापूर शहरात ती कामगार वस्त्यांत आणि रविवारी घ्या. मूळ मालक वारले असतील तिथे वारसांचं संमतिपत्र त्यांच्या गावच्या परिवहन कार्यालयात स्वीकारा, म्हणजे पुण्याहून कुणाला इथं यावं लागणार नाही. अर्जाची पोच ज्याच्याकडे आहे, त्याला निकाल लागेपर्यंत रस्त्यात अडवू नका. उशिराचा दंड जरूर घ्या.

दसऱ्याला मी गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, पाटीला कुंकू लावतो. यंदाच्या दसऱ्याला ती माझ्या नावावर असावी.

आपला,
सोलापूरचा एक दुचाकीस्वार