वर्कशॉपच्या मामांना, उशिरानं का होईना पण थँक्यू

मामा, नमस्कार. तुमचा धाकटा दिवसभर मोबाईलवरच पडलेला असतो असं तुम्हीच सांगायचा, तो दाखवेल तुम्हाला, म्हणून इथंच लिहितेय.

परवा कपाट आवरताना डिप्लोमाचा प्रोजेक्ट रिपोर्ट सापडला. आभाराच्या पानावर प्राचार्य, एचओडी, गाईड सर, अगदी ग्रंथपालांचे पण आभार, आणि तुमचं नाव कुठंच नाही. सिनियरच्या रिपोर्टवरनं पान उचललं होतं, त्यात वर्कशॉपवाले नव्हते, आमच्यात पण आले नाहीत. लय लाज वाटली.

कोल्हापूरला मेकॅनिकलला आम्ही वर्गात तीनच पोरी, आणि ड्रॉइंगमध्ये मी स्वतःला एक नंबर समजायचे. मिनी ड्राफ्टर लावून 2एच पेन्सिलनं असल्या बारीक लाईनी मारायचे की सर माझी शीट दुसऱ्या बॅचला दाखवायचे. पुढं कॅड आलं, मग तर काय, स्क्रीनवर सगळंच बसतं ओ.

शेवटच्या वर्षी 6205 नंबरचं बेअरिंग ज्यात बसतं ते हाऊसिंग काढलं, आत 52 एमएमचा बोअर म्हणजे गोल भोक, आणि प्रिंट घेऊन ऐटीत तुमच्याकडं आले. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलंत, "बाहेरच्या डायाला पण पॉइंट झिरो वन? तो कशात बसणारय गं?" बाहेरच्या व्यासाला पण मी 0.01 एमएमचीच सूट लिहिली होती. मी म्हणलं, मामा, ॲक्युरेट असलेलं बरं ना. तुम्ही काहीच बोलला नाही, ॲप्रन दिलात, वेणी आत खोवायला लावलीत, चक की, म्हणजे लेथचा चक आवळायची किल्ली, टेबलावर ठेवून दाखव मगच मशीन चालू कर म्हणालात, आणि जाऊन चहा पीत बसलात.

दोन दिवस गेले त्यात. शेवटचा कट जरा जास्तच बसला, बोअर 52.12 झाला आणि बेअरिंग वरनं सोडलं तर खडखडत खाली. तेव्हा कुठं शिकवलंत. 52 एच7 म्हणजे 52.000 ते 52.030, तीस मायक्रॉनात काम, इथं जीव लाव, आणि बाहेरच्या अंगाला अर्धा एमएम इकडंतिकडं झाला तरी कुत्रं विचारत नाही, पण तू तिथं दोन शून्य लिहिलीस की लेथवाला टर्नर त्याचे पैसे लावणार. कुठलं माप किती कमी-जास्त चालतं त्याचा, लिमिट्स-फिट्सचा, पुस्तकात आख्खा चार्ट होता, पाठ पण होता मला, पैशाचं मात्र त्यात काहीच नव्हतं.

मग उद्यमनगरात तुमच्या ओळखीच्या पॅटर्नवाल्या काकांकडं पाठवलंत. पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा उठवायचा नमुना. त्यांची पट्टी माझ्या पट्टीला लावून बघितली तर त्यांचे 100 माझ्या 101 ला, मला वाटलं पट्टीच खराब आहे! काका हसून हसून बेजार. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना आक्रसतं म्हणून पॅटर्नच तेवढा मोठा करतात, हे तिथं कळलं. माझ्या मॉडेलच्या भिंती एकदम सरळ होत्या, असला पॅटर्न वाळूतनं उपसताना साचाच ढासळेल, जरा उतार दे म्हणाले. एका दुपारीत माझं निम्मं ड्रॉइंग बदललं.

आता चाकणला डिझाईनमध्ये आहे. ड्रॉइंग रिलीज करायच्या आधी प्रिंट काढते आणि लाल पेन घेऊन एकेका मापाला विचारते, तू कशात बसणारयस गं. शेजारचे बघतात वेड्यासारखे, बघू देत. ते 52.12 चं हाऊसिंग टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवते.

आणि हो मामा, तुमची सहा इंची स्टीलची पट्टी माझ्याच बॅगेत राहिलीय, तुम्ही ती हरवली म्हणून त्या बिचाऱ्या इलेक्ट्रिकलच्या पोरांना शिव्या घातल्या होत्या. गणपतीला गावाकडं आले की आणून देते.