नाजूक जागेची खाज आणि रक्तातली साखर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी वाचली. डोळे, मूत्रपिंड, पाय, हृदय या सगळ्यांवर तज्ज्ञांनी चांगलं लिहिलं आहे. पण साखर वाढलेल्या अनेक बायका-पुरुषांची झोप उडवणारी एक तक्रार पुरवणीभर कुठेही आली नाही. ती म्हणजे लघवीच्या जागेचा बुरशीसंसर्ग. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले आहे. डॉक्टरांसमोरही लोकांच्या ओठांवर न येणारा हा विषय वर्तमानपत्रात तरी उघड शब्दांत यावा, म्हणून हे पत्र.

कॅन्डिडा नावाची ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, स्त्रियांच्या योनिमार्गातही थोड्या प्रमाणात असते. एरवी ती निमूट राहते. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दिवस गेले, साखर वाढली, की तिला रान मोकळं मिळतं. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. लैंगिक संबंध न आलेल्या मुलींनाही होतो. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण नवऱ्याने संशय घेतला म्हणून रडत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

‘सिस्टर, अंगावरून पांढरं जातंय,’ एवढंच बायका सांगतात. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत येणारा पातळ, तार सुटणारा स्राव निरोगीच असतो. त्याने हाडं झिजत नाहीत की अशक्तपणा येत नाही. बुरशीची पहिली खूण म्हणजे खाज, तीही जीव नकोसा करणारी. जागा लाल होते, सुजते, खाजवून बारीक भेगा पडतात. लघवी करताना बाहेरच्या कातडीला लागून आग होते, संबंधाच्या वेळी दुखतं. स्राव घट्ट, पांढरा, फुटलेल्या दह्यासारखा असतो आणि त्याला सहसा वास नसतो. काहींना स्राव जवळजवळ नसतोच, नुसती खाज आणि आग असते.

वास असेल तर दुसरी शंका घ्यावी. पातळ, करडट पांढरा स्राव आणि संबंधानंतर वाढणारा माशांसारखा वास ही जिवाणूंच्या बिघाडाची लक्षणं आहेत. पिवळट-हिरवा, फेसाळ, दुर्गंधी स्राव ट्रायकोमोनास या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या परजीवीमुळे येऊ शकतो, आणि त्यात नवरा-बायको दोघांनाही औषध घ्यावं लागतं. बुरशीसंसर्गात जोडीदाराला त्रास नसेल तर त्याला औषधाची गरज सहसा पडत नाही. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधानंतर रक्त जाणं यांपैकी काहीही असलं तर घरी थांबू नये.

एवढा फरक सांगण्याचं कारण म्हणजे मेडिकलमध्ये मागितली जाणारी ‘खाजेची ट्यूब’. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या स्त्रियांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणींनाच प्रत्यक्षात तो संसर्ग निघाला. तिथल्या ट्यूबमध्ये निदान फक्त बुरशीचं औषध असतं. आपल्याकडच्या कित्येक ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी पसरत राहते. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे कायमचे वळ उठतात. अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. तरीही ‘तीच मागची ट्यूब द्या’ एवढं म्हटलं की ती मिळते.

आता पुरुषांबद्दल. त्यांनाही हा संसर्ग होतो, हेच बहुतेकांना माहीत नसतं. शिश्नाच्या टोकावर लाली येते, कधी बारीक लाल पुटकुळ्या, कधी चकाकणारे चट्टे. खाज सुटते, आग होते, कातडीखाली पांढरा चोथा साचतो. कातडीच्या कडेला चिरा पडतात आणि पुढे ती मागे सरेनाशी होते. जांघेतही लाल, ओलसर पट्टा उठतो आणि त्याच्याभोवती सुटे सुटे लाल ठिपके दिसतात. गजकर्णाची कड वेगळी असते, गोल आणि उठावदार, मधे कातडी निवळत जाते.

ही लक्षणं असलेल्या पुरुषाने आधी रक्तातली साखर तपासावी. मधुमेहाचं निदान व्हायच्या आधी पहिली खूण इथेच दिसलेली माणसं कमी नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना आपला आजार माहीतच नाही. वरचेवर हाच त्रास होणाऱ्या बायकांनीही साखर तपासून घ्यावी. पुरुषाची जखम किंवा चट्टा महिनाभरात बरा झाला नाही, तर तो बुरशीचा समजून अंगावर काढू नये, कर्करोगाची शंका दूर करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट पुरवणीत यायला हवी होती. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा फायदा आहे, आणि पेटंटची मुदत संपल्यापासून त्या स्वस्तही झाल्या आहेत. पण लघवीत साखर उतरली की बुरशीला खाद्य मिळतं. गोळी लिहून देताना ‘लघवीनंतर साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, खाज सुटली तर सांगा’ एवढं वाक्य रुग्णाला कळलं पाहिजे. नाहीतर तो लाजेने गप्प बसतो किंवा कुणाला न विचारता गोळी बंद करतो. दोन्ही वाईट.

सुगंधी ‘इंटिमेट वॉश’, डेटॉलचं पाणी, आत लसूण किंवा दही ठेवणं, हे सगळं टाळावं. पावसाळ्यात ओलसर राहिलेले नायलॉनचे कपडे घालू नयेत. उपचार तसे सोपे आहेत: योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या किंवा डॉक्टर ठरवतील तर फ्लुकोनॅझोलची एक गोळी. गरोदर बाईने मात्र ती तोंडाने घ्यायची गोळी घेऊ नये, तिच्यासाठी आत ठेवायचं औषध असतं. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आणि जननमार्गाच्या आजारांसाठी असलेल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळतं, हेही फार थोड्यांना माहीत आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अहवाल दिला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यानंतर गावोगाव आशा आल्या, तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासणं सुरू झालं. त्या तपासणीच्या वेळी ‘लघवीच्या जागी खाज, आग होते का?’ हा प्रश्न बायकांना आशाताईंनी आणि पुरुषांना आरोग्यसेवकांनी विचारावा, अशी माझी आरोग्य खात्याला विनंती आहे. आपल्याला विनंती ही, की पुढच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडून या विषयावर लिहवून घ्यावं, आणि पुरुषांची लक्षणं स्वतंत्र चौकटीत छापावीत.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, जि. सातारा