तपासणीची तारीख आधी कळवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाहणी दौऱ्याआधी एका रात्रीत रस्ता डांबरला, तपासणीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात नव्या चादरी आल्या, अशा बातम्या आपल्या अंकात वर्षातून दोनचारदा तरी असतात. खाली निर्ढावलेल्या कर्मचाऱ्यांवर ताशेरेही असतात. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. निर्ढावलेली माणसं पाहिली नाहीत असं नाही. पण खरी खोट माणसांपेक्षा तारखेत आहे, असं मला वाटतं.

डी.एड.ला असताना आम्ही शिकण्याच्या मानसशास्त्रातले प्रयोग म्हणून पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर आणि स्किनरचा उंदीर एका दमात पाठ करायचो. ‘प्रबलन’, म्हणजे बक्षीस देऊन वागणूक पक्की करणं, ही पाच गुणांची टीप, याच्या पुढे काही कळलं नव्हतं. निवृत्तीनंतर सवडीने वाचलं तेव्हा गंमत कळली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या पेटीतल्या उंदराने कळ दाबली की त्याला खाण्याची गोळी मिळायची, आणि या गोळ्या ते स्वतःच यंत्रावर पाडत. आठ उंदीर, रोज प्रत्येकी शंभरेक गोळ्या. एका शनिवारी दुपारी त्यांनी हिशेब केला, तर सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत साठा संपत होता. उरलेली सुटी गोळ्या पाडण्यात कोण घालवणार? मग दर वेळी कळ दाबली की गोळी, हे बंद करून उंदराने कितीही दाबू दे, मिनिटाला एकच द्यायची असं त्यांनी केलं. तरी उंदीर कळ दाबत राहिले. पुढे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत त्यांनी कबुतरांवर याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि १९५७ मध्ये सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. बक्षीस किती द्यायचं यापेक्षा कधी द्यायचं, याचा एवढा मोठा पसारा!

त्यातला एक आलेख मला माझ्याच शाळेचा वाटला. नोंदयंत्रात कागद एकसारखा सरकतो आणि कबुतराने चोच मारली की लेखणी एक पायरी वर चढते. दाणा ठरावीक वेळ उलटल्यावरच मिळणार असेल, तर दाणा मिळाल्याबरोबर रेघ आडवी पडते. कबुतर निवांत. वेळ जवळ येत जाते तशी रेघ उचलते आणि शेवटी चोचींचा नुसता सपाटा. पुन्हा दाणा, पुन्हा आडवी रेघ. सगळा कागद पाहिला तर झालर लावल्यासारखा दिसतो. १९७२ साली दोन अभ्यासकांनी अमेरिकी काँग्रेसने १९४७ ते १९६८ या काळात मंजूर केलेल्या विधेयकांचा आलेख काढला, तर तिथेही अधिवेशन संपत आलं की अशीच चढण निघाली. कबुतर आणि लोकप्रतिनिधी यांची तुलना किती ताणायची यावर वाद आहेत, ते असोत. आपल्याला मार्चअखेर ठाऊक आहे.

आमची वार्षिक तपासणी म्हणजे हीच झालर. तारीख केंद्रप्रमुखांच्या फोनवर आठवडाभर आधी कळायची. मग तीन महिन्यांची पाठांची टाचणं (रोज काय शिकवायचं त्याची टिपणं) दोन रात्रींत लिहून व्हायची, टाकीला झाकण यायचं, वाटेकडेच्या दगडांना गेरू-चुना लागायचा. साहेब येऊन, शेरेबुकात ‘समाधानकारक’ लिहून, चहा घेऊन गेले की दुसऱ्या दिवशी झाकण पुन्हा कोपऱ्यात.

मधे एक विस्तार अधिकारी आले. त्यांचा काही नेमच नसायचा. एकदा एकाच आठवड्यात दोनदा आले, मग दोन महिने फिरकले नाहीत. सुरुवातीला फाट्यावरून फोन यायचा, ‘गाडी वळली’. ते त्यांना कळलं असावं. मग एसटीने येऊ लागले. थेट वर्गात शिरून मागच्या पट्टीवर बसायचे, एखाद्या मुलीला उतारा वाचायला सांगायचे. आणि जाताना शेरेबुकात एक तरी नेमकं वाक्य लिहायचे. ‘तिसरीच्या बाई चिंचोक्यांवर वजाबाकी घेतात, मुलांना हातचा कळलेला आहे.’ त्या बाईंनी ते पान चार जणींना दाखवलं. टाचणं रोजच्या रोज होऊ लागली, कारण रोजच तो दिवस असू शकत होता. अनियमित अंतराने दाणा मिळणारं कबुतर असंच वागतं: घाई नाही, सुटी नाही, एका चालीने चोच मारत राहतं.

त्यांची बदली झाली तरी आमची ती सवय दीड वर्ष टिकली. हेही त्या ग्रंथाशी जुळतं. क्वचित, अवचित मिळणारं बक्षीस बंद झालं तरी वागणूक लवकर सुटत नाही. लॉटरी, मटका, मोबाइलवरचे पैशांचे खेळ माणसाला धरून ठेवतात ते याच गुणावर. फक्त तिथे हिशेब वेळेचा नाही, खेपांचा: किती वेळाने मिळेल असं नाही, कितव्या खेपेला मिळेल हे ठाऊक नसतं. मग नवे साहेब आले, तारखा कळू लागल्या आणि माझ्याच शाळेत, माझ्याच सांगण्यावरून, मुलं पुन्हा दगड रंगवू लागली.

‘आकस्मिक भेट’ कागदावर आहेच, असं कोणी म्हणेल. आहे, पण ती बहुधा कोणाला तरी पकडायला असते. स्किनर शिक्षेच्या विरोधात होते. धाकाने माणूस काम शिकत नाही, साहेबांना चुकवायला शिकतो. आमचा फाट्यावरचा फोन हा त्याचा पुरावा. त्या अधिकाऱ्यांची भेट आम्हाला हवीशी वाटू लागली ती त्या एका वाक्यासाठी.

तेव्हा शाळा असो, अंगणवाडी असो की दवाखाना, भेटीचे दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवावेत, सकाळची चिठ्ठी सकाळीच उघडावी आणि चांगलं दिसेल ते नाव घेऊन लिहिणं सक्तीचं करावं. चिठ्ठी कार्यालयातल्या कोणी उचलू नये, एवढी एक अट मात्र पाळावी. फाट्यावर फोन कोण करायचं, ते मला अजून आठवतं.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका